मास्तरांना नावं ठेवताना

रविवारी दुपारी टीव्हीवर मास्तरांची जुनी भाषणं लागली. नवऱ्याने रिमोटकडे नेलेला हात बायकोने अर्ध्यावरच अडवला. मास्तर आधी शाळेत शिकवायचे, मग त्यांनी दहा वर्षं देश चालवला, आणि त्यांना जाऊनही आता वीस वर्षं झाली होती. या घरात मात्र त्यांचं अजून रोज काही ना काही चुकत होतं. नवऱ्याच्या मते देश खरा चालवला तो त्यांच्यानंतर आलेल्या वकीलसाहेबांनी.

लेक सोफ्यामागे चटईवर बसली होती, दोघांकडे पाठ करून, डब्यांच्या झाकणांत रमलेली. दहा महिन्यांची. गेले दोन आठवडे आई तिच्या मागे उभी राहून चमचे वाजवायची, खुळखुळा हलवायची, हाका मारायची. एखाद्या वेळी मान वळे, बहुतेकदा नाहीच. मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. माझ्यावर गेलीय, मलाही हाक ऐकू येत नाही, असं नवरा म्हणायचा. बायकोला हसू येत नसे.

पडद्यावर मास्तर शाळांबद्दल बोलत होते. त्यातल्याच एका शाळेत आपली आई शिकली, हे बायकोने शंभराव्यांदा ऐकवलं. त्याने मास्तरांनी मोडलेला रेल्वेचा संप उकरून काढला. त्या संपात त्याच्या वडिलांना सात महिने घरी बसवलं होतं. ती म्हणाली, संप मोडला नसता तर गाड्या बंद पडल्या असत्या. तो म्हणाला, गाड्या चालल्या आणि माणसं बसली. आवाज चढत गेले.

"तुझे मास्तर एक नंबरचे ढोंगी होते," सोफ्याच्या हातावर थाप मारत तो म्हणाला.

ती उत्तर द्यायला निघाली, पण दर मिनिटाच्या सवयीने तिने आधी मागे बघितलं. लेक पूर्ण वळली होती. बापाकडे बघत तिने खालचा ओठ बाहेर काढला होता.

बायकोने टीव्ही बंद केला.

"हात आपटलास तू. हादऱ्याने वळली असेल."

तिने लेकीला पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसवलं. सावली पडू नये म्हणून पडदा ओढला. नवऱ्याला चपला काढायला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. लेक झाकणांत गुंगेपर्यंत दोघं श्वास रोखून थांबली. काय बोलू, असं त्याने हातानेच विचारलं. मास्तरांचं, ती नुसते ओठ हलवून म्हणाली.

"तुझे मास्तर ढोंगी होते," तो बायकोच्या चेहऱ्याचा अंदाज घेत म्हणाला.

लेक वळली. इकडेतिकडे शोधलं आणि दारात बाप सापडला.

अजून बोल, बायको म्हणाली, पण हळू. त्याने आवाज खाली आणून संपाचं सांगितलं. लेक वळली. निवडणुकीत वाटलेल्या पैशांचं सांगितलं. वळली. तिसऱ्या खेपेला तर त्याने तोंड उघडायच्या आधीच वळून हसत बसली, आणि आईला तिला पुन्हा झाकणं द्यावी लागली. दोन आठवडे पोरगी चमच्यांनाच विटली होती की काय, कोण जाणे. मंगळवारी जायचं ते जायचंच होतं. पण आईचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले होते.

ते बघून नवरा विरघळला. शाळा मात्र त्यांनी काढल्या, म्हणाला, ते मान्य करायला हवं.

"ते नंतर मान्य कर," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्ता शिव्या दे."

त्याने दिल्या. मास्तरांची दहाच्या दहा वर्षं संपली. आता काय, अशा नजरेने बायको त्याच्याकडे बघत होती, आणि लेकीने पुन्हा पाठ केली होती. तो क्षणभर घुटमळला. मग आवाज आणखी खाली आणून त्याने आपल्याच वकीलसाहेबांना नावं ठेवायला सुरुवात केली.