उबेकडे पोहणारे

भार्गवरावांच्या दंडात टोचलेले जंतू चाबकासारख्या शेपट्या हलवत उबेकडे पोहत जायचे आणि मेलेल्या नसांना औषध पोचवायचे. म्हणून वत्सलाबाई तीन दिवस वॉर्डात नवऱ्याचा लुळा हात तळव्यांत धरून बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्यांनी तो कधी धरला नव्हता.

"लोक बघतायत हो," त्या पुटपुटल्या.

"बघू देत. औषध आहे ते."

इतक्यात नर्स गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. "आजी, दमलात. हिच्यानंही तेच काम होतं. उठा आता."

वत्सलाबाईंनी हात सोडला. नर्सनं पिशवी त्या हाताशी ठेवली.  पण दोन महिने न हललेली भार्गवरावांची करंगळी थरथरली, आणि पिशवीला बाजूला ढकलू लागली.