अहो, ऐकलंत का

शिंप्याच्या लेकीला सेरेब्रल पाल्सी होती. शब्द ओठांशी येऊन अडकायचे. म्हणून तिच्यासाठी बोलकी पाटी आणली. चित्रावर मूठ टेकवली की पाटी आईच्या आवाजात बोलायची: पाणी, भूक, बाबा. आवाज भरता भरता आईने मध्येच नवऱ्याला हाक मारली आणि ती हाकही एका चित्रात जाऊन बसली.

दुपारी शिंपी बाहेरच्या खोलीत कोटाला बाही जोडत होता. आतून पाटी "बाबा, बाबा" करत होती आणि तो "आलो, आलो" म्हणत जागचा हलत नव्हता. एवढ्यात आवाज आला, "अहो, ऐकलंत का? जरा इकडे या."

मशीन तसंच सोडून तो धावला. बायको तर बाजारात गेलेली. खुर्चीत लेक एकटीच, मूठ पाटीवर, हसून हसून लाळ गळतेय.

बायको आल्यावर ओशाळली. "चुकून भरलं गेलंय. पुसते."

"हात लावू नकोस," शिंपी म्हणाला. "'हिला काय कळतंय' म्हणणाऱ्या आमच्या ताईला आधी बोलावून घे. म्हणावं, या घरात बाबा कुणाच्या हाकेला उठतात, ते पोरीला बरोबर कळलंय."