पाचव्या खोलीची साथ

डार्ला हॉगननं लेकीच्या गळ्यासाठी आणलेलं वाफाऱ्याचं यंत्र उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली. बसायला जागाच नव्हती. शिकागोच्या त्या हॉटेलचा नववा मजला पोरांनी भरून गेला होता. कोणी गुणगुणत होतं, कोणी भिंतीकडे तोंड करून रडण्याचा सराव करत होतं. खरं रडणारंही एक होतं, पण ते पटकन ओळखू येत नव्हतं.

तिची लेक ब्रिटा सतरा वर्षांची. तिला कॉलेजात संगीत नाटक शिकायचं होतं, दुसरं काहीही नाही. बारा कॉलेजांकडे अर्ज गेले. सात जणांनी नुसता गाण्याचा व्हिडिओ बघूनच नको म्हटलं. उरलेली पाच पोरांचं गाणं-अभिनय समोर बघायला या हॉटेलात एकेक खोली घेऊन बसली होती. जागा वीस-वीस, आणि पोरं शेकड्यांनी.

विस्कॉन्सिनहून बर्फातून सहा तास गाडी हाकत डार्ला आली होती. गेले पाच महिने तिचं हेच चाललं होतं. गाण्याच्या शिकवणीला गाडी, मधाचं पाणी, नकार, समजूत, परत गाडी. समजुतीचे शब्द तर केव्हाच संपले होते. आता ती नुसतं सूप गरम करून पोरीसमोर ठेवायची.

चार खोल्या दुपारपर्यंत उरकल्या. पाचवं कॉलेज घरापासून पाऊण तासावरचं, ब्रिटाचा सगळा जीव त्यात. नेमकी तिथेच रांग अडली. पियानो वाजवणारा गृहस्थ बर्फात अडकला होता. प्रेन्टिस नावाच्या उंच प्राध्यापकबाई बाहेर आल्या आणि पालकांत कोणी समोर ठेवलेला कागद वाचून लगेच वाजवणारं आहे का, असं त्यांनी विचारलं. सगळे पालक एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"माझी आई वाजवते," ब्रिटा म्हणाली. "वीस वर्षं चर्चमध्ये वाजवतेय. काहीही ठेवा समोर."

"अगं, उभं राहवत नाहीये मला," डार्ला कुजबुजली.

"बसूनच तर वाजवायचंय. त्यांच्या लक्षात राहील गं आई. माझ्यासाठी कर."

माझ्यासाठी म्हटल्यावर आई काय बोलणार? ती आत जाऊन पियानोशी बसली.

बत्तीस पोरं आली. स्वरलिपीची फाइल पुढे करायची, इथून इथपर्यंत म्हणून बोट दाखवायची आणि जेमतेम मिनिटभर गायची. एक मुलगा मधेच शब्द विसरला. त्याला ते आठवेपर्यंत डार्ला त्याच दोन ओळींभोवती घोटाळत राहिली. एका मुलीनं फार चढ्या सुरात सुरुवात केली, तिला डार्लानं कोणाला कळू न देता खाली आणलं. पोरं हुश्श करून बाहेर पडत होती. प्रेन्टिसबाई अधूनमधून चष्म्यावरून बघत आणि काहीतरी लिहीत.

मग ब्रिटाचा नंबर आला आणि बाईंनी डार्लाला नम्रपणे बाहेर थांबायला सांगितलं. स्वतःच्या मुलीला साथ करता येत नाही, कॉलेजचा नियम होता. ब्रिटानं फोनवरच्या ध्वनिमुद्रित संगीतावर गायचं ठरलं.

डार्ला दाराशी उभी राहिली. सुरुवात छान झाली. मधे ब्रिटानं श्वास जरा उशिरा घेतला, आणि फोन थोडाच थांबतो? संगीत पुढे निघून गेलं. ते गाठता गाठता पोरीची शेवटपर्यंत दमछाक झाली. परक्या बत्तीस पोरांसाठी डार्ला थांबली होती आणि पोटच्या पोरीच्या वेळी दाराबाहेर उभी होती. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच.

निघताना बाईंनी तिचं नाव-पत्ता एका कागदावर लिहून घेतला. दुपारभर काम केलेल्या माणसाची नोंद ठेवावी लागते म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर ब्रिटानं आईला एका शब्दानंही दोष दिला नाही. दिला असता तर डार्लाला बरं वाटलं असतं.

मार्चमध्ये एकामागून एक चार नकार कॉम्प्युटरवर येऊन पडले. पूर्वी निकाल उघडताना डार्लाचा नवरा कर्ट फोनवर व्हिडिओ घ्यायचा. पोरीच्या आनंदाचा तो क्षण टिपायची पद्धतच आहे सगळीकडे. आठव्या नकारानंतर त्यानं फोन खिशातच ठेवला.

आता पाचवं कॉलेज तेवढं उरलं होतं.

"नाही म्हणाले तर ते माझ्यामुळे," डार्ला म्हणाली. "मी हो म्हणायलाच नको होतं."

"तू काय कोणाचं घोडं मारलंस?" कर्ट म्हणाला. त्याचं बरोबर होतं, पण त्यानं काही हलकं झालं नाही.

शनिवारी सकाळी कर्ट टपालपेटीपासून नुसत्या मोज्यांवर, बर्फाच्या चिखलातून धावत आला. हातात त्या कॉलेजचा शिक्का असलेलं जाडजूड पाकीट. ही पाकिटं सगळ्या घरांना ठाऊक असतात. नकाराला एक ओळ पुरते, त्याला कोणी एवढा कागद घालत नाही.

डार्ला जिन्याच्या पायरीवरच बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्या बत्तिसांसाठी आपण थांबलो, देवानं त्याची कुठेतरी दखल घेतली, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

"बाबा, फोन सरळ धरा," ब्रिटा म्हणाली. तिनं पाकीट फाडलं, वरचा कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'प्रिय मिसेस हॉगन, ब्रिटाला आम्ही जागा देऊ शकलो नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. मात्र त्या दिवशी तुम्ही मुलांना ज्या तऱ्हेनं सांभाळून घेतलंत, ते पाहून ऑगस्टपासून आमच्या पहिल्या वर्षाच्या वीस मुलांच्या साथीला तुम्हीच यावं, असं आमचं एकमत झालं आहे.'"