न शिवलेला पिंड

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा गुरुजी म्हणाले, "ताई, अप्पांची काहीतरी इच्छा राहिली असणार. कबूल करा."

हेमांगीने हात जोडले. "अप्पा, आईला कधी एकटं ठेवणार नाही."

कठड्यावरचा कावळा जागचा हलला नाही. खरे कावळे केव्हाच संपले होते. हे महापालिकेचे, पत्र्याच्या पंखांचे.

"तुमची बागही सांभाळीन."

तरी नाही. शेवटी गुरुजींनी नुसत्या भाताचा पिंड ठेवला. कावळा झेपावला आणि चोच मारून गेला. "सुटले हो," असं पुटपुटत आई पाय धुवायला नदीकडे उतरली.

"तो पहिला पिंड पाण्यात सोडू नका," घाटावरचा रखवालदार हेमांगीला म्हणाला. "शिसं असलं की हे कावळे शिवत नाहीत. नदीत विष जाऊ नये म्हणूनच बसवलेत ना. काय घातलं होतं त्यात?"

तिने वाटाण्याची प्रोटीन पावडर घातली होती, अप्पांना आवडायची म्हणून. मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत रोज सकाळी तीच त्यांना ग्लासभर घुसळून देत असे. शुद्ध शाकाहारी, महागातली, तिनेच निवडलेली.

आता रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. तिने पिंड पिशवीत घातला आणि गाठ मारली.

आई पायऱ्या चढून आली. "चल घरी. माझा सकाळचा ग्लास राहिलाय."

"कसला ग्लास?"

"अप्पांच्या पावडरीचा. त्यांना बंद केल्यापासून मीच घेतेय. एवढी महागाची, वाया कशाला घालवायची?"