बारा शब्द जास्त

"बारा शब्द जास्त झालेत," साहेब म्हणाले. "दोनशे म्हणजे दोनशे. पाल्हाळ ऐकून घ्यायला एजंट काही माणूस नाही."

बाईंनी मान डोलावली. अकरा वर्षं डोलावून ती आता आपोआपच डोलायची.

काम तसं साधं होतं. कंपनीने एक साधन बनवलं होतं. कुठलीही फाईल द्या, ते तिच्या पोटातला मेटाडेटा वाचणार: फाईल कोणी घडवली, शीर्षक काय, शेवटचा हात कोणाचा लागला. ते माणसं वापरणार नव्हती, एआय एजंट वापरणार होते. एजंटने काय पाहून काय समजायचं, हे लिहून देणं बाईंकडे होतं. आणि एजंट लिहिलेलं अक्षरशः पाळतो. मागच्या खेपेला बाईंनी 'शंका आल्यास विचारावे' असं लिहिलं, तर त्याने एकाच दुपारी साहेबांना चाळीस प्रश्न विचारले. ती ओळ साहेबांनी स्वतःच्या हाताने उडवली.

बाईंच्या लिखाणाला ऑफिसात मान होता. निदान पानावरच्या समासांना तरी होता. त्यांचा एक जुना रजेचा अर्ज सगळ्यांकडे होता. कुणाला काहीही लिहायचं असलं की तो उघडायचा, बाईंचा मजकूर पुसायचा आणि आपला भरायचा. त्यावर किती जणांची आजारपणं निघाली आणि किती राजीनामे गेले, कोण मोजतो?

"माझ्या एका तापावर सगळं ऑफिस जगतंय," बाई म्हणायच्या.

स्वतः बाई मात्र अजून तात्पुरत्याच होत्या. रुजू झाल्या त्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याने त्यांच्या कॉम्प्युटरला 'तात्पुरती-१' असं नाव दिलं होतं, महिन्याभराचाच प्रश्न आहे म्हणून. नणंद आली की हटकून विचारायची, "अगं, वॉशिंग मशीनच्या पायाखाली तात्पुरती सरकवलेली वीटसुद्धा वर्षभरात कायम होते. तू कशी गं राहिलीस?"

या वेळी मात्र चिन्हं बरी होती. वरच्या ऑफिसकडे साहेबांविरुद्ध एक निनावी तक्रार गेली होती, आणि ती फाईल फिरत फिरत साहेबांच्याच हाती आली होती. साधनाची पहिली परीक्षा तिच्यावरच व्हायची होती.

"माणूस सापडू दे," साहेब म्हणाले होते. "मग तुमच्या कागदावर सही करतो. झालात कायम."

दुपारी साधन तपासणारा टेस्टर बाईंच्या टेबलाशी आला. दोन मुलांचा बाप, पण साहेबांच्या काचेच्या केबिनसमोरून अजून वाकून जायचा.

"ताई, बारा शब्द काढायचेत म्हणे."

"हो. का, घरी न्यायचेत?"

तो हसला नाही. त्याने स्क्रीनवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: 'नक्कल केलेल्या फाईलवर जुन्याच माणसाचे नाव राहते, ते नाव पुरावा मानू नये.'

"दुसरं काहीही काढा. ही ठेवा."

"एवढी माया कुठून आली रे या ओळीवर?"

"आज सकाळी साधन तपासताना ध्यानात आलं." त्याने काचेकडे पाहिलं. काचेमागे साहेब फोनवर होते, पण डोळे इकडेच होते. "इथे नाही बोलता येत. एखाद्याची नोकरी जाईल, ताई."

"एखाद्याची म्हणजे?"

"ठेवा हो. एवढं ऐका माझं," तो म्हणाला आणि गेला.

चोराच्या मनात चांदणं, बाई मनात म्हणाल्या. सरळ हिशेब होता. तक्रार यानेच केली, फाईलवर नाव याचंच निघणार, आणि ही ओळ गेली की पळायला वाट उरणार नाही.

बारा शब्द कुठूनही निघाले असते. सुरुवातीचं लांबण होतं, शेवटचं उदाहरण होतं. बाईंना त्याच्या धाकटीची आठवण झाली. तिला त्यांनीच स्वेटर विणून दिला होता. मग त्यांना विटेची आठवण झाली.

त्यांनी तीच ओळ काढली. तिच्या वरची तशीच राहिली: 'शेवटचा बदल करणाऱ्याची जागा रिकामी असल्यास, फाईल घडवणाऱ्यालाच लिहिणारा समजावे.'

दोनशे शब्द. एक कमी नाही, एक जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोठ्या स्क्रीनसमोर जमले. साहेब बाईंकडे पाहून हसले. झालो आपण कायम, बाईंना वाटलं.

टेस्टर शेजारच्या खुर्चीशी आला. "ओळ आहे ना, ताई?" त्याने हळूच विचारलं.

"दोनशेच बसले रे," बाई म्हणाल्या.

तो मटकन खाली बसला. बाईंनी मान वळवली.

साहेबांनी तक्रार स्क्रीनवर उघडली. बाई ती पहिल्यांदाच पाहत होत्या. समास ओळखीचे वाटले. पहिली ओळ होती: 'आमच्याकडे एक बाई अकरा वर्षं तात्पुरत्या म्हणून राबत आहेत. त्यांना कायम करावे, ही विनंती.'

"सुरेख लिहिलंय," साहेब म्हणाले, आणि त्यांनी फाईल एजंटकडे सोपवली.

एजंटने आधी बाईंचे दोनशे शब्द वाचले. मग स्क्रीनवर एकेक ओळ उमटत गेली.

'शीर्षक: रजेचा अर्ज. शेवटचा बदल करणारा: रिकामे. फाईल घडवणारा: तात्पुरती-१. सबब, लिहिणारा: तात्पुरती-१.'