आधी फांदी काप

क्लाइव्हने कुंडी उचलली आणि कोटांच्या कपाटाचं दार उघडलं. आज हे झाड फुलायला टाकायचंच, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. सुकवलेल्या गांजाचा डबा तळाला गेला होता आणि बायकोच्या, नोएलीनच्या पायांतले गोळे थांबायचं नाव घेत नव्हते.

फ्लॅट एवढासा. चादरींच्या कपाटात दिवा सतत जळायचा, तिथे झाड वाढायचं. कोटांच्या कपाटात अर्धा दिवस मिट्ट काळोख, तिथे ते फुलायचं. कॅनबेरात अंगणात गांजा लावायला कायद्याची ना नव्हती. पण यांना अंगणच नव्हतं, आणि घरात दिव्याखाली लावणं हा गुन्हाच. उभा जन्म पोलिसात काढलेला सार्जंट म्हातारपणी कोटांमागे गांजा पिकवत होता. बायकोचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा कायदा गेला खड्ड्यात. आपल्या घराला झळ लागली की माणसं अशी झटकन शहाणी होतात.

मागच्या खेपेला खंड पडला होता. एक झाड संपलं आणि दुसरं तयारच नव्हतं. तेव्हा नोएलीन उशी दातांत धरून रडायची. पुन्हा ते नको, म्हणून तर त्याची घाई चालली होती.

"थांब, थांब!" चाकांच्या खुर्चीतून नोएलीन ओरडली. "अख्खं झाड कुठे घेऊन निघालास? आधी दोन फांद्या काप."

"फांद्या कशाला? आपल्याला फूल हवंय."

"आणि ते संपल्यावर? एकदा फुलावर गेलेल्या झाडाची फांदी लवकर मूळ धरत नाही. झाड काळोखात जायच्या आधी कलमं लावून टाकायची, म्हणजे हे संपेस्तोवर ती वर येतात. मागच्या वेळी तू इथेच माती खाल्लीस, सार्जंटसाहेब. मी गप्प बसले आणि भोगलं. आता नाही सोसवत रे."

क्लाइव्ह हसला. मग त्याचं हसू ओसरलं.

"म्हणजे तुला मागच्या वेळीही ठाऊक होतं?"

नोएलीनने मान खाली घातली.

त्याला नोकरीत असतानाचं, आपल्या मुलाच्या, ग्लेनच्या खोलीतलं कपाट आठवलं. कपड्यांमागे गांजाचं एक झाड, आणि शेजारी जॅमच्या बरणीत दोन कोवळ्या फांद्या. "कुणाचं हे?" त्याने विचारलं होतं. "माझं," एकोणीस वर्षांचा ग्लेन म्हणाला होता. क्लाइव्हने त्याला स्वतःच्या गाडीत घालून चौकीत नेलं. पोरगा तुरुंगात गेला. सुटला तो थेट पर्थला, आणि त्याने पुन्हा या घराचं तोंड पाहिलं नाही. क्लबात दोन बिअर झाल्या की क्लाइव्ह अजूनही छाती फुगवून सांगायचा, कायद्यापुढे आम्ही पोरगाही बघितला नाही. नोएलीनचे पाय त्या वर्षीच दुखायला लागले होते. दिवसभर उभं राहून दुखतात, असं ती म्हणायची, आणि त्यालाही ते पटायचं.

त्याने कुंडी जमिनीवर ठेवली.

"ते झाड..."

"माझं होतं. ग्लेनच्या हातून पुदिन्याची काडीसुद्धा जगायची नाही. मी बोलायला हवं होतं, क्लाइव्ह. आधी भ्याले. मग लाज वाटायला लागली."

"पण त्याने अंगावर का घेतलं?" क्लाइव्हचा आवाज चढला. "मूर्ख कुठला! मी कसा आहे हे त्याला माहीत नव्हतं?"

"नव्हतं," नोएलीन म्हणाली. "तुझी गाडी दारात लागली तेव्हा मला म्हणाला, 'आई, तू गप्प बस. पोटच्या पोराला बाबा थोडेच आत टाकणार आहेत!'"