परत आलेला डबा

"नुसता कागद घिऊन निघालास?" छबुबाईनं पितळी डबा राधाकिशनच्या पुढ्यात ठेवला. "ह्यात शेवया हायेत. चिठ्ठीसंगं दे."

राधाकिशन उंबऱ्यातच थबकला. गेवराईच्या कचेरीत कारकुनाची एकच जागा होती आणि काल तहसीलदारांनी त्याला समोर बसवून त्याची मुलाखत घेतली होती. तिच्याबद्दल आभार मानणारी चिठ्ठी त्यानं कचेरीच्या भाषेत, उर्दूत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिली होती. शुक्रियाची चिठ्ठी धाडायची ही रीत त्याला शाळेतल्या मौलवींनी शिकवली होती. शेवयांचं ते काही बोलले नव्हते.

"आई, सायब लाच समजतील. मिळायची ती चाकरीबी जाईल."

"कावून समजतील? लाच झाकून देतात. आन् आभार मानायला रिकाम्या हातानं कुणी जातं व्हय?"

छबुबाईच्या नवऱ्याचा जन्म कचेरीच्या पायरीखाली चपला काढून उभं राहण्यात गेला होता. पोरानं ती पायरी चढून आत गादीवर बसावं, एवढंच तिला हवं होतं.

संध्याकाळी राधाकिशन उतरल्या तोंडानं परतला.

"सायब भेटलेच न्हाईत. चिठ्ठी आन् डबा दारातच शिपायाच्या हाती दिऊन आलो."

त्यानंतर छबुबाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाटेवर घोडं दिसलं की ती जात्यावरून उठायची.

आणि एके दिवशी घोडं खरंच दारात थांबलं. कचेरीचा शिपाई रहीम खाली उतरला, खोगिराच्या पिशवीत हात घालून त्यानं डबा काढला.

"तहसीलदारांच्या बीबीसायबांनी सलाम सांगितलाय, मावशी."

"बसा की. गूळपाणी घ्या."

"न्हाई वो, अजून लई गावं हायेत. चकलांब्याला जायचंय." त्यानं टांग टाकली. घोडं दौडलं तशी पिशवी खडखडली.

छबुबाईनं झाकण उघडलं. डबा काठोकाठ साखरेनं भरलेला.

"राधाकिशन! आरं, लागली चाकरी!"

"पर आई, हुकूम कुठाय?"

"हुकुमाला येळ लागतो, बाबा. साखर आधी येती."

राधाकिशननं साखरेकडं पाहिलं. इतकी साखर कुणी उगाच धाडत नाही, हे त्यालाही पटलं. मुलाखतीनंतर पहिल्यांदा तो हसला.

छबुबाईनं आळीत घरोघर साखर वाटली. "कारकून व्हायला कपाळ लागतं," असं शेजारची भिवराबाई म्हणाली होती. तिच्या ओंजळीत तर मूठभर टाकली.

"घे. उरली तर कपाळाला लाव."

उमापूरच्या बाजाराला ती ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. उरलेल्या साखरेचा डबा काखेत, मान ताठ. राधाकिशनची आई म्हणून बाया वाट देत होत्या.

कासाराच्या पालापाशी बायांचा घोळका होता. मधोमध एक अनोळखी बाई. तिच्याही काखेत पितळी डबा, तिचीही मान तशीच ताठ.

"तुमी कुण्या गावच्या?" छबुबाईनं विचारलं.

"चकलांब्याची वत्सलाबाई मी. हात करा की बाई पुढं, तोंड गोड करा."

छबुबाईनं हसत हात पुढं केला. "कशाची वो साखर?"

वत्सलाबाईनं तिचा तळहात भरून टाकला.

"माझा आप्पाराव गेवराईच्या कचेरीत कारकून झाला. लाडू धाडलेवते, तर सायबाच्या घरनं डबा भरून साखर आली!"